उघड गोष्टीचा कागद

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव त्या दिवसांत पिवळं होऊन जातं. ढोल घुमतात, फरांडे बाबांच्या भाकणुकीसाठी माणसं दाटीवाटीने उभी राहतात आणि लोकर, खारीक यांच्याबरोबर भंडारा उधळला जातो. भंडारा म्हणजे हळदीची पूड. ती केसांत बसते, कानांत जाते, सदऱ्याच्या शिवणींत महिनाभर राहते. आमच्याकडे कुणाच्या अंगणात पिवळा सदरा वाळत दिसला, की तो कोडोलीला जाऊन आला हे सांगावं लागत नाही.

लहानपणी उसाच्या सरीत खुरपं माझ्या पायावर आलं, तेव्हा आजीने काय केलं हेही सांगावं लागू नये. तिने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर हळद जखमेवर दाबली आणि म्हणाली, "दाबून धर. रगात थांबंल." ती शाळेत गेलेली नव्हती. हळद तिला कुणी शिकवली, हे तिला आठवत नव्हतं. आठवण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने पेटंट क्रमांक ५,४०१,५०४ मंजूर केलं. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघे, सुमन दास आणि हरिहर कोहली, दोघेही भारतीय वंशाचे. मालकी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची. पेटंटात सहा दावे होते आणि त्यांचा गाभा असा, की रुग्णाला परिणामकारक मात्रेत हळदीची पूड देऊन जखम बरी करण्याची पद्धत हा नवा शोध आहे. पूड पोटातून द्या किंवा वरून लावा, दोन्ही त्यात आलं.

ही हकिकत आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे. परक्यांनी हळद चोरली, डॉ. रघुनाथ माशेलकरांनी ती सोडवून आणली, दुसरी हळदीघाटी जिंकली. मीही ती तशीच सांगत आलो. पण त्या भांडणात नेमकं काय सिद्ध करावं लागलं आणि कशाने सिद्ध झालं, हे सलग वाचल्यावर माझं मन त्या विजयकथेत रमेना. आजीला जे सांगावंसंही वाटलं नव्हतं, ते तिकडच्या कायद्याला ऐकूच येत नव्हतं, आणि मला तोच इतिहासाचा खरा भाग वाटतो.

पेटंट मिळायला गोष्ट नवी असावी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून कठीण चाळणी दुसरी आहे. गोष्ट नवी असली, तरी त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती उघड वाटणारी असेल, तर पेटंट मिळत नाही. अमेरिकेत या चाळणीची सुरुवात दाराच्या मुठीपासून धरतात. १८५१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे चिनी मातीच्या मुठींचं प्रकरण आलं. मुठी आधी लाकडाच्या आणि धातूच्या होत्या, अर्जदारांनी त्या मातीच्या केल्या. न्यायालय म्हणालं, हे चांगल्या कारागिराचं काम आहे, शोधकाचं नव्हे. १९५२ साली हा विचार कायद्याच्या कलमात आला आणि १९६६ साली तो नांगराच्या खटल्यात पक्का झाला. दगडाळ रानात फाळाची दांडी तुटू नये, ती थोडी लवावी, म्हणून ग्रॅहम नावाच्या संशोधकाने तिची जोडणी बदलली होती. पट्टीच्या वर असलेली दांडी त्याने खाली आणली. जॉन डिअर कंपनीविरुद्धच्या त्या खटल्यात न्यायालयाने प्रश्नांचा एक क्रम घालून दिला. आधी काय माहीत होतं? नव्यात आणि त्यात फरक किती? आणि त्या क्षेत्रातल्या सामान्य कसबाच्या माणसाला तो फरक सहज सुचला असता का? ग्रॅहमचा नांगर हरला.

आपल्याकडे हा विचार भांड्यांच्या निमित्ताने स्थिरावला. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजकडे लेथवर भांडी पकडून घासण्याच्या एका युक्तीचं पेटंट होतं. १३ डिसेंबर १९७८ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. कारखान्यातल्या कारागिराला जमेल एवढीच ती सुधारणा होती, असा निर्णय झाला. पितळेची भांडी घडवणाऱ्या कुठल्याही आळीतल्या माणसाला तो निकाल वकिलाशिवाय समजेल.

मूठ, नांगर, भांडं इथवर गोष्ट सोपी होती. जिवंत वस्तू आल्या आणि तिचं वळण बदललं.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्तींनी तेल खाणारा जिवाणू तयार केला होता. त्याचं पेटंट मिळू शकतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवलं. जिवंत असणं हा पेटंटला अडथळा नाही, माणसाने घडवलेलं असलं की पुरे. मग प्रश्न आला प्राण्यांचा, आणि तो घेऊन आलं एक कालव. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी कालवाच्या अंड्यांवर पाण्याचा प्रचंड दाब देऊन गुणसूत्रांचे तीन संच असलेली कालवं तयार केली होती. ती प्रजननात शक्ती घालवत नाहीत, म्हणून एरवी खाण्यालायक नसतात त्या मोसमातही भरलेली राहतात. एप्रिल १९८७ मध्ये पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने दोन गोष्टी एकाच निकालात सांगितल्या. असा प्राणी पेटंटच्या कक्षेत येतो, ही पहिली. आणि या कालवाला पेटंट देता येणार नाही, कारण आधी प्रसिद्ध झालेलं संशोधन पाहता ही पायरी उघड आहे, ही दुसरी. दार उघडलं आणि दार उघडणाराच बाहेर राहिला. काही दिवसांतच कार्यालयाचे प्रमुख डोनाल्ड क्विग यांनी जाहीर केलं, की माणूस सोडून इतर प्राण्यांसाठी आम्ही अर्ज घेऊ.

त्या दारातून पहिला आत गेला तो उंदीर.

हार्वर्डचे फिलिप लेडर आणि टिमोथी स्टुअर्ट यांनी २२ जून १९८४ रोजी अर्ज केला होता. उंदराच्या फलित अंड्यात त्यांनी एक कर्कजनुक सोडलं आणि ते स्तनाच्या पेशींत कामाला लागेल अशा तऱ्हेने त्याला विषाणूचा एक तुकडा जोडला. जन्मलेल्या उंदराच्या प्रत्येक पेशीत ते जनुक असे, पिलांतही उतरे आणि पुढे माद्यांना स्तनाचा कर्करोग होई. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांना रोगाची वाट पाहत बसावं लागू नये, यासाठी घडवलेला हा प्राणी होता. १२ एप्रिल १९८८ रोजी त्याचं पेटंट मंजूर झालं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ड्यू पाँट कंपनीकडे हक्क गेले आणि बाजारात त्याचं नाव झालं ऑन्कोमाउस.

इथे चाळणीचा प्रश्न फार बारीक होतो. उंदरात परकी जनुकं घालणारे हे दोघे पहिले नव्हते. रुडॉल्फ येनिश आणि बिआट्रिस मिंट्झ यांनी १९७४ सालीच विषाणूचा डीएनए उंदराच्या गर्भात घातला होता. १९८० साली येलच्या गॉर्डन आणि रडल यांनी फलित अंड्यात सुईने जनुक सोडण्याची रीत दाखवली. १९८२ साली पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी घुशीचं वाढीचं जनुक घालून नेहमीपेक्षा मोठे उंदीर वाढवले आणि त्यांची छायाचित्रं जगभर छापली गेली. कर्कजनुकंही तोवर ओळखीची झाली होती. मग सुई तीच, अंडं तेच, फक्त जनुक दुसरं, यात उघड नसलेलं काय राहिलं? याला उत्तर आहे, आणि ते मला पटतंही. वाढीचं जनुक घातलं तर जीव वाढेल, हा अंदाज बांधता येतो. पेशींना बेभान करणारं जनुक अंगभर घेऊन एखादा जीव गर्भातून सुखरूप जन्मेल, मोठा होईल, वीण देईल आणि ठरल्या ठिकाणीच आजारी पडेल, हा अंदाज १९८४ साली कुणी छातीठोकपणे करू शकत नव्हतं. पायरी छोटी होती, पण तिच्यापुढे अंधार होता. अमेरिकेच्या कार्यालयाने तिला शोध मानलं.

बाकी जगात या उंदराची वाट सरळ गेली नाही. युरोपच्या कार्यालयाने तो १९८९ साली नाकारला, अपिलानंतर १९९२ साली स्वीकारला आणि मग प्राण्याचं दुःख एका पारड्यात, माणसाचा लाभ दुसऱ्या पारड्यात असं तोलत बसलं. 'सर्व सस्तन प्राणी' या दाव्याचे २००१ साली 'कुरतडणारे प्राणी' झाले आणि २००४ साली फक्त 'उंदीर' उरला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की उंदरासारखा उच्च जीव त्यांच्या कायद्यातल्या 'शोध' या शब्दात बसत नाही. भारताने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून वनस्पती आणि प्राणी पेटंटच्या बाहेर ठेवले.

आता हळदीकडे परत येतो. उंदराचं पेटंट आणि हळदीचं पेटंट एकाच कार्यालयाने, एकाच कायद्याखाली, सात वर्षांच्या अंतराने दिलं. उंदराच्या बाबतीत 'आधी काय माहीत होतं' याची यादी परीक्षकाच्या टेबलावर होती, कारण ती सगळी मंडळी इंग्रजी नियतकालिकांत छापत होती. हळदीच्या बाबतीत टेबलावर फारसं काही नव्हतं. हे निव्वळ अज्ञान म्हणावं तर तसंही नाही. पेटंटाच्या मजकुरातच अर्जदारांनी लिहिलं होतं, की भारतात मुरगळणं आणि सूज यांवर हळद परंपरेने वापरतात. मुरगळलेल्या पायावर लावायची वस्तू कापलेल्या पायावर लावायला किती बुद्धी लागते, असं आजीने विचारलं असतं. पण तिला विचारण्याची सोय कायद्यात नव्हती.

ही सोय नसणं फार महत्त्वाचं आहे आणि आपल्या विजयकथेतून ते नेहमी गळतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात 'आधीच माहीत असणं' याचे दोन भाग होते. एखादी गोष्ट अमेरिकेत कुणाला माहीत असेल किंवा कुणी वापरत असेल, तर ते ज्ञान मोजलं जाई, तोंडी असलं तरी. अमेरिकेबाहेर मात्र ती पेटंटात किंवा छापील प्रकाशनात आलेली असली तरच मोजली जाई. म्हणजे मिसिसिपीतल्या एखाद्या गावात दहा माणसं जखमेला हळद लावत असती, तर ते जुनं ज्ञान झालं असतं. इकडे कोट्यवधी माणसं शतकानुशतकं लावत आली, त्याची किंमत कायद्याच्या हिशेबात शून्य, जोवर ते कुठे छापून येत नाही तोवर. दिलेल्या पेटंटाची फेरतपासणी मागतानाही जुनी पेटंटं आणि छापील मजकूर एवढाच पुरावा चाले. कोडोलीच्या यात्रेतली लाखभर माणसं प्रतिज्ञापत्रं घेऊन अमेरिकेत उतरली असती, तरी फेरतपासणीत त्यांतल्या एकाचंही ऐकलं गेलं नसतं. हा दुष्टपणा नव्हता. तो त्यांच्या कायद्याचा कुंपणाबाहेर न पाहणारा डोळा होता, आणि मला तो दुष्टपणापेक्षा अधिक बोचतो, कारण दुष्टपणाशी निदान भांडता येतं.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. त्या पेटंटामुळे कोल्हापुरात हळद लावायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेतच चालतं. धोका होता तो तिथे औषधी उपयोगासाठी हळद विकणाऱ्यांना, आणि कायद्याच्या काटेकोर अर्थाने न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात पोराच्या गुडघ्याला हळद लावणाऱ्या आईला. तिच्या दारात कुणी गेलं नसतं. पण तिच्या हातातली चिमूट दुसऱ्याच्या मालकीची आहे, असं कागदावर लिहिलं गेलं होतं.

जुलै १९९५ मध्ये डॉ. माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. गोव्यातल्या माशेल गावी १९४३ साली जन्मलेले, वडील लहानपणीच गेलेले, गिरगावात आईच्या कष्टांवर वाढलेले आणि तिथल्या युनियन हायस्कुलात शिकलेले माशेलकर त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पेटंट हे शास्त्रज्ञाने वाचायला शिकलंच पाहिजे, हा आग्रह ते तिथूनच धरत आले होते. हळदीची बातमी आल्यावर देशात संतापाची लाट उठली आणि संताप व्यक्त करणं सोपंही होतं. त्यांच्या परिषदेने वेगळं, कंटाळवाणं काम अंगावर घेतलं. ग्रंथालयांत बसून हळदीबद्दलची छापील वाक्यं शोधायची. माझ्या दृष्टीने या इतिहासातला शूरपणा तिथे आहे, धूळ बसलेल्या कपाटांत.

बत्तीस संदर्भ जमले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने. परीक्षकाला कळावं म्हणून त्यांची भाषांतरं करावी लागली. त्यांच्याबरोबर १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक शोधनिबंधही होता. देशी औषधांचा जखमांवर काय परिणाम होतो, हे त्यात प्रयोगशाळेतले उंदीर आणि ससे यांच्यावर तपासलं होतं आणि त्या औषधांत हळद होती. कर्करोगाचा उंदीर पेटंट मिळवायला गेला होता, त्याचे हे साधे भाईबंद चाळीस वर्षांनी पेटंट पाडायला साक्षीदार म्हणून उपयोगी पडले. २८ ऑक्टोबर १९९६ रोजी परिषदेने फेरतपासणीचा अर्ज दाखल केला.

२८ मार्च १९९७ रोजी, पेटंट मंजूर झाल्याला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, परीक्षकाने सहाही दावे फेटाळले. गोष्ट आधीच माहीत होती आणि उघडही होती, अशी दोन्ही कारणं दिली. हकिकत सहसा इथे थांबवतात. मला मात्र त्यानंतरचं उत्तर सगळ्यांत वाचनीय वाटतं. पेटंटधारकांच्या बाजूने म्हणणं मांडलं गेलं, की संदर्भांत आहे तो हळदीचा लेप, आमचा दावा आहे पुडीचा. लेप आणि पूड यांचे भौतिक गुणधर्म वेगळे, शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण वेगळं. लेपाने जखम भरते म्हणून पुडीनेही भरेल, अशी वाजवी खात्री त्या क्षेत्रातल्या जाणत्याला वाटली नसती. शिवाय पोटातून हळद दिल्याचे दाखले आहेत ते मधाबरोबरचे आणि मध स्वतःच जखम भरणारा मानला जातो, मग श्रेय हळदीचं कशावरून?

पहिल्यांदा हे ऐकून आमच्याकडे कुणीही हसेल. हळकुंड कुटलं की पूड, पुडीत पाणी घातलं की लेप. पण हा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. हा तोच युक्तिवाद आहे, ज्यावर उंदीर शोध ठरला: पायरी छोटी, पण पुढचं सांगता येत नव्हतं. औषधशास्त्रात रूप बदललं की परिणाम बदलतो, हे खरंच आहे. फरक एवढाच, की उंदराच्या पायरीपुढे खरोखर अंधार होता आणि पुडीच्या पायरीपुढे आमच्या आज्यांनी हजारो वर्षं दिवा लावून ठेवला होता. तो दिवा परीक्षकाला दाखवायचा, तर छापील कागदातूनच. २० नोव्हेंबर १९९७ रोजी परीक्षकाने सगळे दावे पुन्हा फेटाळले. २१ एप्रिल १९९८ रोजी सहाही दावे रद्द झाल्याचं प्रमाणपत्र निघालं. विकसनशील देशाने परंपरागत ज्ञानाच्या आधारावर अमेरिकेचं पेटंट असं पाडल्याचा दाखला तोवर नव्हता.

याच काळात युरोपात कडुनिंबाचं भांडण चाललं होतं आणि त्याचा धागा आमच्या शेजारच्या जिल्ह्यात येतो. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचं युरोपी पेटंट मिळालं होतं. त्याला डॉ. वंदना शिवा आणि युरोपातल्या पर्यावरणवादी संघटनांनी आव्हान दिलं. युरोपचा कायदा कुंपणाबाहेर पाहू शकत होता. जगात कुठेही, कुणीही गोष्ट उघडपणे वापरलेली असली, तर तिथे ती मोजली जाई, छापलेली असो वा नसो. म्हणून म्युनिकमध्ये एक माणूस साक्षीला उभा राहू शकला. अभय फडके या भारतीय उद्योजकाने सांगितलं, की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात आपण पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर कडुनिंबाचा अर्क वापरून पाहिला होता. ते प्रयोग पेटंटच्या तारखेआधीचे होते. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळलं गेलं.

सांगलीतल्या कुठल्यातरी रानात कुणीतरी पंप पाठीवर घेऊन फवारणी केली आणि ती गोष्ट पंधरा वर्षांनी जर्मनीत पुरावा म्हणून लिहून घेतली गेली. हळदीच्या प्रकरणापेक्षा मला हे प्रकरण जवळचं वाटतं ते याचसाठी. तिथे ग्रंथाला विचारलं गेलं, इथे करणाऱ्याला.

अमेरिकेने आपलं कुंपण काढलं ते फार उशिरा. २०११ साली कायदा बदलला आणि १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना, जगात कुठेही लोकांना उपलब्ध असलेली गोष्ट जुनी मानली जाऊ लागली. तोवर भारताने दुसरा रस्ता धरला होता. जे छापलेलं नाही ते मोजत नाहीत ना, मग छापून ठेवू. २००१ पासून परिषदेने आणि सरकारच्या भारतीय वैद्यकपद्धतींच्या विभागाने मिळून परंपरागत ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत, परीक्षकाला शोधता येईल अशा वर्गवारीने लावले. २००९ च्या फेब्रुवारीत युरोपच्या पेटंट कार्यालयाला ते पाहण्याची मुभा मिळाली. परंपरागत ज्ञान हा शोध नव्हे, असं भारताच्या कायद्यातही २००२ साली घातलं गेलं.

हे ग्रंथालय मोठं काम आहे, आणि तरीही त्याच्याकडे पाहताना मला अस्वस्थ वाटतं. त्यात जे आहे ते ग्रंथांतलं आहे. आजीचं 'दाबून धर' त्यात नाही. पाणीवाटपाचं, बियाणं राखण्याचं, जनावराच्या दुखण्याचं जे ज्ञान कधी संस्कृतात गेलं नाही, त्याची वर्गवारी कोण करणार? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये. मानांकन नावाचं रक्षण करतं, युक्तीचं नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हा इथले कारागीर किती कळवळले हे आम्ही जवळून पाहिलं. उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका टिकली नाही, कारण दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी, असं न्यायालयाने सांगितलं. पुन्हा प्रश्न तोच आला, की ज्याला माहीत आहे त्याचं म्हणणं कागदावर कुणाच्या नावाने आहे.

अशा एका बिनकागदी युक्तीसाठी मी हरिपूरला अनेकदा गेलो आहे. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव सांगलीला लागूनच आहे. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघत आणि न विकलेली हळद हरिपूरच्या पेवांत जाई. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंडाची आणि आत रुंद होत गेलेली कोठी. तिथली माती तशी, की पाणी झिरपत नाही. हळकुंडं भरली, तोंड मातीने लिंपलं, की आत हवा खेळत नाही आणि कीड जगत नाही. वर्षानुवर्षं हळद राहते, रंगही टिकतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कोंदलेली हवा निघून जाऊ देतात. प्राणवायू कमी करून धान्य टिकवण्याच्या आधुनिक कोठारांमागचं शास्त्र हेच आहे. या पेवावर कुणी हक्क सांगितला नाही, कुणी निबंध लिहून ते नवं म्हटलं नाही. तिथल्या माणसांना ते उघडच होतं.

२००५ साल उजाडलं तेव्हा भारताच्या पेटंट कायद्यात दुरुस्ती झाली होती आणि औषधांसारख्या उत्पादनांवरही पेटंट मिळू लागलं होतं. मार्चमध्ये म्युनिकला कडुनिंबाचा शेवटचा निकाल लागला. १२ एप्रिलला हार्वर्डच्या उंदराच्या पहिल्या अमेरिकी पेटंटाची सतरा वर्षांची मुदत संपली आणि ते सर्वांचं झालं. जुलैअखेर पाऊस लागला तो थांबेना. पंचगंगा, वारणा, कृष्णा एकदमच चढल्या. कोल्हापुरात आम्ही गच्चीवर बसून पाणी मोजत होतो, तेव्हा तिकडे हरिपुरात पुराचं पाणी पेवांच्या तोंडांवरून गेलं. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या ओल आत येऊ दिली नव्हती, ती बसली आणि ढासळली. पाणी ओसरल्यावर लोकांनी पेवं उकरली, तेव्हा आतली हळद भिजून कुजलेली निघाली आणि कितीतरी पेवं पुन्हा भरलीच गेली नाहीत. आता हळद शीतगृहांत ठेवतात. पेव कसं खणायचं, माती कुठली धरायची, तोंड किती ठेवायचं, हे सांगू शकणारी म्हातारी माणसं हरिपुरात थोडी उरली आहेत. मागच्या उन्हाळ्यात त्यांतल्या एका आजोबांसमोर मी वही उघडून बसलो. ते वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात लिवण्यासारखं काय हाय, बाळ?" मग त्यांनी काठीने जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि सांगायला लागले.